ऑन-टाइम ९४ टक्के दाखवतंय, तरी कस्टमर का ओरडतोय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: हे चाकणला पॅकेजिंग मटेरियलच्या प्लांटमध्ये डिस्पॅच बघतात, महिन्याला साधारण ६०० गाड्या निघतात, सहा ट्रान्सपोर्टर आहेत, रिपोर्टमध्ये ऑन-टाइम ९४ टक्के येतं आणि तरी दोन मोठे कस्टमर दर आठवड्याला मेलवर मेल टाकतायत. साहेब म्हणाले डॅशबोर्ड बनव. आता हे विचारतायत की पॉवर बीआय (डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) शिकू का पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि केपीआय, म्हणजे कामगिरी मोजायचे आकडे, कोणकोणते घेऊ.

माझी ओळख एवढीच की १९ वर्षं याच धंद्यात आहे. सुरुवात भिवंडीला एका ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात झाली, काम काय तर आलेल्या पोचपावत्या एलआरला (ट्रान्सपोर्टरने माल घेतल्याची पावती) जोडायच्या आणि पार्टीकडून बिलं पास करून घ्यायची, मग पुण्यात कंपनीच्या बाजूने डिस्पॅच प्लॅनिंगला आले. म्हणजे हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे जादा पैसे) मागणारी पण मीच होते आणि नंतर हॉल्टिंग कापणारी पण मीच. पॉवर बीआय का पायथन ते शेवटी सांगते, त्याची घाई नाहीये.

घाई आहे ती हे बघायची की ते ९४ टक्के कोणाच्या घड्याळाने मोजलेत. माझा अंदाज असा की तुमच्या रिपोर्टमध्ये ठरलेली डिस्पॅचची तारीख आणि इनव्हॉइसची तारीख एवढंच शेजारी शेजारी ठेवलंय, त्या दिवशी बिल फाटलं की गाडी ऑन-टाइम. कस्टमरला तुमच्या गेटशी काय देणंघेणं, त्याची लाईन चालते ती माल त्याच्या स्टोअरमध्ये उतरल्यावर. आणि अजून एक चोरवाट तपासा, ऑर्डर लेट होणार असं दिसलं की कोणीतरी सेल्सवाल्याला फोन करून तारीख पुढची करून घेतं का, आणि सिस्टममध्ये जुन्या तारखेवरच नवीन तारीख बसते का. तसं असेल तर तुमचा रिपोर्ट कधीच खराब येणार नाही, कारण परीक्षा झाल्यावर प्रश्नपत्रिका बदलताय. पहिली कबूल केलेली तारीख वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि तिला कोणाचा हात लागू देऊ नका. सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे ही, आणि भांडण सगळ्यात जास्त हिच्यावरच होतं.

आता हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच कबूल करते. माल एक्स-वर्क्स जात असेल, कस्टमर स्वतःची गाडी पाठवत असेल तर तुमची जबाबदारी तुमच्या गेटवर संपते आणि मग ते ९४ बरोबरही असेल. पार्ट लोड असेल, माल मध्ये कुठल्या गोडाऊनला उतरून दुसऱ्या गाडीत चढत असेल तर हिशोब पूर्ण वेगळा. गाड्या स्वतःच्या, काँट्रॅक्टच्या का मार्केटच्या, यानेही फरक पडतो. मी धरून चालते की पूर्ण गाडी भरून जाते, भाडं तुम्ही देता आणि पोचवायची जबाबदारी तुमची.

९४ चीच फोड करून बघू. ६०० गाड्यांतल्या ३६ लेट. समजा त्या दोन कस्टमरच्या मिळून महिन्याला ६० गाड्या जातात आणि ३६ पैकी २२ त्यांच्याच निघाल्या. मग त्यांच्यासाठी तुमचं ऑन-टाइम ६३ टक्के आहे आणि बाकी सगळ्यांसाठी ९७. साहेब ९४ बघून खूश, कस्टमर ६३ भोगतोय, आणि दोघंही खरं बोलतायत. म्हणून एकच आकडा कधी बघू नका, कस्टमरनिहाय आणि रूटनिहाय फोडल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो.

तसंच वेळेबरोबर माल पूर्ण गेला का हेही लागतं, ओटीआयएफ (ऑन टाइम इन फुल) म्हणतात ते, आणि कागद बरोबर होते का हेही धरलं की परफेक्ट ऑर्डर. वेळेवर ९४, पूर्ण माल ९२, कागद बिनचूक ९५, तिन्ही आकडे वेगवेगळे बघितले तर झकास वाटतात, पण तिन्ही एकत्र जमायचे म्हणजे गुणाकार होतो (या तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही असं धरून) आणि उत्तर येतं ८२. शंभरातल्या अठरा ऑर्डरींत काही ना काही घोळ. कस्टमर मेल टाकतो तो त्या अठरांचा.

मोजायची पद्धत बदलली की आकडा किती बदलतो याचं मोठं उदाहरण देशाचंच आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं भाषणांत ऐकलं की भारताचा लॉजिस्टिक्स खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के. मग २०२५ मध्ये डीपीआयआयटी (केंद्राचा उद्योग विभाग) आणि एनसीएईआर (आर्थिक संशोधन संस्था) यांनी नीट चौकट बसवून हिशोब केला तर २०२३-२४ साठी ७.९७ टक्के आला. जीएसटीने नाके गेले, फास्टॅग आला, रस्ते सुधारले हे खरंच आहे, पण १४ चे ८ व्हायला तेवढंच कारण नाही, आधीचा आकडाच ढोबळ होता. देशाचं असं होतं तर आपल्या डिस्पॅच रिपोर्टचं काय घेऊन बसलात.

आता मुद्द्याचं. उशीर नेमका होतो कुठे? तुम्ही लिहिलंय की साहेबांचं मत आहे ड्रायव्हर ढाब्यावर झोपतात. आमच्याकडेही हेच मत होतं. सगळ्या गाड्यांना जीपीएस लावायला सांगितलं, ट्रान्सपोर्टरला लेट डिलिव्हरीची पेनल्टी लावली, सहा महिने भिंतीवरच्या टीव्हीवर गाड्यांचे हिरवे-लाल ठिपके फिरत होते आणि कस्टमरच्या तक्रारी होत्या तेवढ्याच. शेवटी वैतागून मी तीन दिवस वही घेऊन सिक्युरिटी केबिनमध्ये जाऊन बसले.

पहिल्याच दिवशी दिसलं की गेट रजिस्टरमध्ये सगळ्या गाड्यांच्या वेळा १०:००, १०:३०, ११:०० अशाच आहेत. एकही १०:१७ नाही. गार्ड बिचारा एकटा, तो चहानंतर बसून आठवेल तशा चार-पाच गाड्या एकदम लिहायचा. (ही युक्ती लक्षात ठेवा: कुठल्याही डेटात वेळेची मिनिटं बघा, निम्म्याहून जास्त ०० आणि ३० असतील तर तो डेटा मोजलेला नाही, आठवलेला आहे.) आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे गाडी आत घेतली की तो एंट्री करायचा, गाडी बाहेर येऊन उभी राहिली तेव्हा नाही. म्हणजे बाहेरची रांग कुठल्याच कागदावर नव्हती.

एका ३२ फुटी कंटेनरच्या मागे मी दिवसभर लागले. गाडी ९:२० ला बाहेर येऊन लागली. आत घेऊन रिकाम्या गाडीचा काटा झाला १:१० ला. तोवर जेवणाची सुट्टी, लोडिंग सुरू झालं २:३० ला आणि ४:४५ ला संपलं. भरलेला काटा ५:०५. मग बिलिंगला बॅच नंबर जुळेना, वरच्या ऑफिसात जाऊन सही आणली, इनव्हॉइस निघालं ६:५० ला, ई-वे बिल (माल रस्त्याने न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) ७:०५ ला, आणि गाडी गेटबाहेर पडली ७:४० ला. दहा तास वीस मिनिटं, त्यात प्रत्यक्ष माल भरण्याचे सव्वादोन तास. ड्रायव्हर मला म्हणाला, "मॅडम, रस्त्यात मी दोन तास कुठं झोपलो ते तुम्हाला मोबाइलवर दिसतं, इथं दहा तास बसलो ते कुणालाच दिसत नाही का?" मला काही उत्तर सुचलं नाही. गेट रजिस्टरमध्ये त्या गाडीची इन वेळ १:०० लिहिली होती.

आणि हे दहा तास फक्त दहा तास राहत नाहीत. बहुतेक कस्टमरकडे माल उतरवायची वेळ ठरलेली असते, समजा संध्याकाळी पाचपर्यंत. गाडी चारला पोचायची ती दोन तास उशिरा सहाला पोचली की गेट बंद, उद्या सकाळी नऊला नंबर लागणार. दोन तासांचा उशीर तिकडे सतरा तासांचा झाला. तो शनिवार असेल तर थेट सोमवार. शहरात जड वाहनांना बंदीच्या वेळा असतात तिथे पण असंच, मुंबईत सकाळच्या बंदीत सापडलात की गेला अर्धा दिवस. त्यामुळे "सरासरी किती उशीर" हे मोजून फार काही हाती लागत नाही, गाडी ती खिडकी उघडी असताना पोचली का हे मोजा. आमच्याकडे हे कळल्यावर आम्ही गाड्यांचा क्रम बदलला, जी आधी आली ती आधी भरायची हे सोडून ज्या गाडीची पुढची खिडकी लवकर बंद होणार ती आधी. ड्रायव्हर लोक सुरुवातीला चिडले, रांग मोडली म्हणून, मग ट्रान्सपोर्टरला गाडी लावायची वेळच वेगवेगळी द्यायला लागलो तेव्हा शांत झालं. आधी सगळ्यांना इंडेंटमध्ये (गाडीच्या मागणीत) "उद्या सकाळी" एवढंच लिहायचो, म्हणजे सकाळी नऊला वीस गाड्या हजर आणि लोडिंगचे डॉक तीन!

तुमच्याकडे वेळांची नोंदच नसेल तरी अडत नाही. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला साधा नियम आहे, रांगेत सरासरी जितक्या गाड्या असतात तेवढ्या म्हणजे दर तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येकीचा सरासरी मुक्काम. उलटा वापरायचा. आठवडाभर दर दोन तासांनी गेटबाहेर आणि आवारात मिळून किती गाड्या उभ्या आहेत एवढंच मोजा. सरासरी १२ आल्या आणि तुमच्याकडे बारा तासांत ३६ गाड्या येतात म्हणजे तासाला ३, तर एका गाडीचा मुक्काम सरासरी चार तास. ना सॉफ्टवेअर, ना रजिस्टर. रात्रीच्या मुक्कामाच्या गाड्या असतील तर मोजणी चोवीस तास करायची आणि तासाचा दरही चोवीस तासांवरून काढायचा, एवढं सांभाळा.

तरी पुढे नोंदी लागतीलच. लोक उत्साहात पंधरा टाइमस्टॅम्पचा फॉर्म बनवतात आणि आठव्या दिवशी तो कोणी भरत नाही. मी पाचच घेते: गाडी तुमच्या गेटबाहेर लागली, गाडी सुटली, गाडी कस्टमरच्या गेटवर पोचली, गाडी रिकामी झाली, आणि कस्टमरला मुळात कबूल केलेली वेळ. यातल्या कितीतरी वेळा आधीच कुठेतरी यंत्राने छापलेल्या असतात, फक्त कोणी गोळा करत नाही. वजनकाट्याच्या पावतीवर रिकाम्याची आणि भरलेल्याची अशा दोन्ही वेळा असतात. ई-वे बिल कधी तयार झालं ते पोर्टलवर मिनिटासकट मिळतं, त्यात आणि गेट आऊटमध्ये दोन तास जात असतील तर गाडी कागद हातात घेऊन तुमच्याच आवारात उभी आहे. ट्रान्सपोर्टरकडे फास्टॅगचं स्टेटमेंट असतं, त्यात टोलनिहाय वेळ असते, जीपीएस नसलेल्या गाडीचा प्रवास त्यावरून बराचसा उभा करता येतो. कस्टमरच्या गेटसाठी आम्ही ड्रायव्हरला एवढंच सांगितलं की पोचल्यावर गेटचा एक फोटो व्हॉट्सॲपवर टाक, आणि रिकामी झाल्यावर दुसरा. त्या फोटोवरून हॉल्टिंग मान्य करू असं म्हटल्यावर ड्रायव्हर न चुकता फोटो टाकायला लागले. माणसाला त्याच्या फायद्याची नोंद करायला सांगा, ती बरोबर येते.

पोचपावतीच्या तारखेवर मात्र विसंबू नका. भिवंडीला मी स्वतः हे पाप केलंय, कागद ऑफिसात पोचला ती तारीख डिलिव्हरीची म्हणून टाकायची, कारण पावतीवरच्या शिक्क्यावरची तारीख वाचताच यायची नाही. कुरियरने पोचपावती पाच दिवसांनी आली की गाडी पाच दिवस लेट. आणि एक्सेलमध्ये नुसती तारीख टाकली, वेळ टाकली नाही की ती मध्यरात्री १२ ची धरली जाते हे विसरू नका, आमच्या एका रिपोर्टमध्ये शेकडो गाड्या रात्री बाराच्या ठोक्याला पोचल्या होत्या. गाडी नंबर कधी स्पेस देऊन कधी न देता, एकाच कस्टमरची नावं तीन स्पेलिंगांनी, तारखेत दिवस आणि महिना उलटे, हे सगळं साफ करण्यातच पहिला महिना जाईल. जाऊ द्या. कंटाळवाणं आहे पण त्यातच धंदा कळतो.

इथवरचं एका दमात: कस्टमरच्या गेटवरचं घड्याळ धरा, पहिली कबूल तारीख जपा, आकडा कस्टमरनिहाय फोडा, आणि गाडी उभी कुठे राहते ते चालते कुठे याच्या आधी बघा.

आता सरासरीबद्दल. चाकणहून नागपूरजवळ बुटीबोरीला गेलेल्या दहा गाड्यांचे तास असे आहेत समजा: २६, २७, २७, २८, २८, २९, ३०, ३१, ५२, ६२. सरासरी येते ३४. पण ३४ तास घेतलेली एकही गाडी यात नाही! आठ गाड्या ३१ च्या आत पोचल्यात आणि दोन कुठेतरी अडकल्यात. सरासरी धरून कस्टमरला ३४ तास सांगितले तर आठ वेळा तो विनाकारण थांबेल आणि दोन वेळा शिव्या देईल. मी दोन आकडे ठेवते, मधला, म्हणजे इथे साडेअठ्ठावीस, आणि दहापैकी नऊ गाड्या ज्याच्या आत पोचतात तो, इथे ५२. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच तुमचा आजार. मधला आकडा कमी करायला रस्ता लागतो, तो सरकार करेल, समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ ला उघडला आणि भिवंडी बाजूने नागपूरला जाणाऱ्यांना त्याचा फायदा झालाच. पण ५२ आणि ६२ वाल्या गाड्या रस्त्याने नाही सुधारत. त्या दोन उघडून बघा, एक शुक्रवारी रात्री उशिरा सुटलेली निघेल आणि दुसरीचा काहीतरी कागदाचा घोळ.

जाता जाता, काही जण ई-वे बिलाची व्हॅलिडिटी हेच पोचायचं टार्गेट समजतात. २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे ७०० किलोमीटरला चार दिवस. ती कायद्याची मुदत आहे, तुमच्या सर्व्हिसची नाही. ट्रान्सपोर्टर वाद घालताना हे हमखास काढतो.

साहेब दर सोमवारी आकडा बघून कोणाला तरी झापतात असंही तुम्ही लिहिलंय. हे सगळीकडे आहे. आठ आठवड्यांचं ऑन-टाइम समजा ८६, ९०, ८४, ८८, ८५, ९१, ८३, ८९. ८३ आलं तेव्हा मीटिंगमध्ये आरडाओरडा, पुढच्या आठवड्यात ८९, म्हणजे ओरडण्याचा उपयोग झाला! झालेला नसतो. सरासरी ८७, लागोपाठच्या आठवड्यांतला फरक सरासरी ५.३, त्याला २.६६ ने (हा या पद्धतीतला ठरलेला आकडा) गुणलं की १४, तेवढे ८७ च्या खाली आणि वर धरायचे. म्हणजे तुमच्या सिस्टममध्ये काहीही न बदलता आकडा ७३ पासून थेट शंभरपर्यंत कुठेही येऊ शकतो. ८३ ही बातमीच नाही. ७० आलं तर कारण शोधा, किंवा सलग आठ आठवडे ८७ च्या वरच राहिलं तर समजा काहीतरी खरोखर सुधारलंय. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये काढलेल्या कंट्रोल चार्टच्याच घराण्यातली ही पद्धत, तुमच्या क्वालिटीवाल्यांना तोंडपाठ असेल, डिस्पॅचमध्ये मात्र कोणी वापरत नाही. डॅशबोर्डवर स्पीडोमीटरसारखे काटे लावण्यापेक्षा ही एक रेघ लावा.

ट्रान्सपोर्टरची रँकिंग लावायची तुमची आयडिया चांगली आहे पण तिथे मी स्वतः पोळलेय. सहा ट्रान्सपोर्टरचं ऑन-टाइम काढलं, सगळ्यात खाली होता एक छोटा मोटर मालक, चार गाड्यांचा. त्याला काढलं. पावसाळा तोंडावर आला आणि कळलं की चिपळूणला कुंभार्ली घाटातून गाडी घालायला बाकी कोणी तयारच नाही, तो एकटाच ती लाईन करत होता आणि म्हणूनच त्याचा आकडा खाली होता. वरच्या नंबरवाला फक्त पुणे-नाशिक करायचा, तोही निवडून निवडून. तेव्हापासून मी एका रूटवर धावणाऱ्यांचीच आपापसात तुलना करते, आणि अजून एक कॉलम ठेवते: गाडी मागितली तेव्हा नाही कोण म्हणालं. फोनवरचं "आज नाही जमणार मॅडम" कुठल्याच सिस्टममध्ये जात नाही, त्यामुळे अवघड दिवशी नाही म्हणणाऱ्याचा रेकॉर्ड चकचकीत राहतो आणि हो म्हणणाऱ्याचा खराब होतो. त्या मोटर मालकाला परत बोलवायला मला दोन फोन आणि वाढीव भाडं पडलं, आणि त्याने ऐकवायचं ते ऐकवलंच.

खर्चाबद्दल एवढंच सांगते की प्रति किलो भाडं आणि ऑन-टाइम हे एकाच माणसाच्या डोक्यावर वेगवेगळे टाकू नका. भाडं कमी दाखवायचं म्हणून गाडी पूर्ण भरेपर्यंत थांबवली जाते आणि मग लेट झाली म्हणून बोंब. पॅकेजिंगचा माल हलका आणि फुगीर, गाडी वजनाने नाही तर जागेने भरते, त्यामुळे किलोवरचा आकडा तुमच्या बाबतीत फसवाच निघेल. घनफुटाने बघा.

आणि एक ग्राफ नक्की काढा, फक्त तो दाखवताना जरा जपून. महिन्याची १ ते ३१ तारीख खाली, त्या त्या तारखेला सुटलेल्या गाड्या वर. बहुतेक कंपन्यांत पहिले दहा दिवस शुकशुकाट आणि शेवटच्या आठवड्यात महापूर दिसतो, कारण सेल्सचं टार्गेट महिनाअखेरीला बंद होतं. गाड्या मिळत नाहीत, मिळतात त्या चढ्या भावाने, डॉक तुंबतात, लेटही सगळे तेव्हाच. यात डिस्पॅचचा दोष नसतो पण मार डिस्पॅचच खातं. आमच्याकडे हा ग्राफ मी मीटिंगमध्ये अचानक दाखवला आणि सेल्सहेडने दोन महिने माझ्याशी नीट बोलणं टाकलं. आधी त्याला एकट्याला दाखवला असता तर काम लवकर झालं असतं. नंतर मोठ्या दोन पार्ट्यांचं शेड्यूल महिनाभर पसरवलं, बाकीचे अजून तसेच आहेत, सगळं काही सुटलं नाही.

मशीन लर्निंग, ईटीए (गाडी पोचायची अंदाजे वेळ) प्रेडिक्शन वगैरे तुम्ही शेवटी विचारलंय. आत्ता नको. रजिस्टरमध्ये १०:३० लिहिलेल्या वेळा मॉडेलला शिकवाल तर तेही १०:३० च सांगेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, पॉवर बीआय का पायथन. महिन्याला ६०० गाड्या म्हणजे ६०० ओळी, वर्षाला सात हजार दोनशे, एक्सेलचं पिव्होट टेबल हे हसत खेळत करतं. पहिले तीन महिने तेवढंच वापरा. काटा, ई-वे बिल आणि ऑर्डर अशा तीन फायली दर आठवड्याला हाताने जोडायचा कंटाळा आला की पॉवर बीआय घ्या, तेव्हा तुम्हाला नेमकं काय दाखवायचंय तेही कळलेलं असेल. पायथन लागेल जीपीएसला, कारण दर पाच मिनिटांना एक नोंद आणि तीस तासांचा प्रवास धरला तर एका गाडीच्या ३६० नोंदी, महिन्याला दोन लाख सोळा हजार, आणि एक्सेलच्या शीटमध्ये ओळी मावतात १०,४८,५७६. पाचव्या महिन्यातच शीट भरते. जीपीएस घेतलात तर कस्टमरच्या गेटभोवतीचं वर्तुळ जरा मोठं आखा, रांग बाहेर रस्त्यावर लांब असते आणि ड्रायव्हर पलीकडच्या ढाब्यावर गाडी लावून नंबरची वाट बघतो, छोट्या वर्तुळात ती गाडी पोचलेलीच दिसत नाही.

साहेबांना सांगा डॅशबोर्ड सहा आठवड्यांनी देतो. या आठवड्यात त्या दोन कस्टमरच्या लेट गाड्यांची यादी काढा, एखाद्या दिवशी स्वतः त्यांच्याकडे जा आणि त्यांच्या गेट रजिस्टरमधल्या त्या दिवशीच्या पानांचे फोटो मिळतात का बघा. तिथला सिक्युरिटीवाला देतो, आधी चहा पाजावा लागतो.